वाजवून घेतलेलं फ्लायव्हील

आमचे मालक कुठलीही वस्तू बघून घ्यायचे नाहीत, वाजवून घ्यायचे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी दहा-अकराचा पाना असे. समोर काही आलं की त्या पान्यानं हलकासा टोला द्यायचा, मान वाकडी करायची, डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा. निकाल दोनच. ‘खणखणीत’ किंवा ‘बद’. मधलं काही नाही. चहाचे कप, नव्या बंगल्याची फरशी, भाचीच्या लग्नातली रुखवताची भांडी, दवाखान्यातला सलाइनचा स्टँड, सगळं त्यांनी वाजवलेलं होतं. एकदा बँकेचे साहेब केबिनमध्ये बोलत असताना मालकांनी टेबलावरच्या त्यांच्या हेल्मेटला टोला दिला आणि म्हणाले, “साहेब, बद हाय. ह्यात डोकं घालू नका.” साहेब हसले, पण पुढच्या वेळी आले ते नवीन हेल्मेट घेऊन.

शिरोलीला त्यांची फाउंड्री होती. ट्रॅक्टरची आणि पाण्याच्या इंजिनांची फ्लायव्हील ओतायची. मी तिथं क्वालिटी खात्यात बरीच वर्षं काढली. माझी मुलाखत म्हणजे टेबलावर ठेवलेली दोन सारखी दिसणारी ओतीव कामं. माझं डिप्लोमाचं सर्टिफिकेट त्यांनी उघडलंसुद्धा नाही. पाना माझ्या हातात दिला.

“वाजव.”

मी वाजवलं. एकाचा आवाज लांबत गेला. दुसऱ्याचा जागीच मेला.

“हे दुसरं कुठंतरी फुटलंय,” मी म्हणाले.

“फुटलंय न्हवं. बद हाय म्हणायचं. सोमवारपासनं ये, अक्का.”

मी त्यांच्याहून पुष्कळ लहान, तरी पहिल्या दिवसापासून अक्का. त्यांचं मूळ गाव सीमेच्या बाजूचं, घरात निम्मं कानडी. त्यामुळं बाई दिसली की अक्का आणि पुरे म्हणायचं झालं की ‘साकू’. चहा ओतताना साकू, कुणाचं भाषण लांबलं की साकू, आणि माणसाला कामावरून काढतानाही साकूच. तो माणूस दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कामाला आला तर मालकांना आदल्या दिवशीचं काही आठवायचं नाही. तोही आठवण करून द्यायचा नाही.

फाउंड्रीत त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. केबिनमध्ये खुर्ची होती, पण तिच्यावर फायली असायच्या. डबासुद्धा उभ्यानं खायचे. “भट्टी उभी हाय तवर मी उभा,” म्हणायचे. ऐकायला चांगलं वाटतं. प्रत्यक्षात साठी उलटल्यावर डावा गुडघा दुखायला लागला आणि ते शेडच्या उतारावरून खेकड्यासारखे आडवे चढायला लागले. विचारलं की सांगायचे, “चप्पल घसरतीया.” ते बूट घालायचे.

त्यांचा दुसरा हट्ट असा, की जे ओतता येतं ते विकत घ्यायचं नाही. दाराला लावायचा ठोकळा, इडलीपात्र, तवा, व्यायामाचे डंबेल्स, सगळं आमच्या भट्टीतून गेलेलं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यांनी मालकीणबाईंना बिडाचं पोळपाट ओतून दिलं. ते ओट्यावर ठेवायला दोन माणसं लागली. त्यावर पोळी लाटणं शक्यच नव्हतं, म्हणून मालकीणबाई ते लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवायच्या. मला एकदा म्हणाल्या, “आमच्या लग्नात सोनाराचं दुकान उघडं होतं म्हणून वाचलो. न्हायतर ह्यांनी मंगळसूत्रसुद्धा ओतूनच दिलं असतं.”

अशा माणसाकडं दोन सीटची, छप्पर उघडणारी, लाल जपानी गाडी होती. ती त्यांनी कुणाकडून, कशी मिळवली याच्या तीन गोष्टी ते सांगायचे आणि तिन्ही एकमेकींशी जुळायच्या नाहीत. गाडी जमिनीला इतकी चिकटलेली, की तिच्यात बसायचं म्हणजे पंगतीला पाटावर बसायचं. मालकीणबाई तिच्यात एकदाही बसल्या नव्हत्या. “बसीन मी. उठवायला कोण येणार?” हे त्यांचं कायमचं उत्तर. मालक मात्र पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून रोज त्याच गाडीतून फाउंड्रीत येत, आणि परत जाताना पांढऱ्याचा करडा रंग झालेला असे.

गाडीच्या इंजिनाला त्यांनी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात मोठा टर्बो बसवून घेतला. गॅरेजवाल्यांना सगळे चाचा म्हणत. चाचांनी तेव्हाच सांगितलं होतं, “मालक, ताकद वाढवली की क्लच बदलावा लागंल. जुना एवढं ओझं धरायचा न्हाय.” मालक साकू म्हणाले आणि गाडी घेऊन गेले.

क्लच खरंच धरत नाही हे कळलं त्या दिवशी मी शेजारच्या सीटवर होते. बिद्रीच्या बाजूला एका गिऱ्हाइकाकडं जाऊन आम्ही परत येत होतो. हंगाम जोरात होता, रस्त्यावर उसाच्या गाड्या. पुढं एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चाललेला. मालकांनी त्याला झोकात मागं टाकलं, माझ्याकडं बघून मान हलवली, आणि चढ लागला. त्यांनी पाय दाबला. इंजिन किंचाळायला लागलं, काटा वर वर गेला, आणि गाडी मात्र मंदावत गेली. आत क्लचच्या जळक्या अस्तराचा वास भरला.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनाच्या मागं एक जड गोल चाक फिरत असतं, ते फ्लायव्हील. क्लचची प्लेट त्या चाकाला घट्ट दाबून धरते, म्हणून इंजिनाची ताकद पुढं गाडीच्या चाकांना मिळते. पकड सुटली की इंजिन नुसतं ओरडतं. आमचं तेच झालं होतं.

आम्ही कडेला सरकलो. मागून तो उसाचा ट्रॅक्टर धापा टाकत आला आणि आम्हाला ओलांडून गेला. ड्रायव्हरनं वरून वाकून आवाज दिला, “व्हय पावणं, दोर टाकू का?”

मालक त्या ट्रॅक्टरकडं बघत राहिले. मला वाटलं, चिडले. तर म्हणाले, “अक्का, बघितलंस? त्याच्यातलं फ्लायव्हील आपलं हाय.” आणि त्यांना मनापासून आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही चाचांकडं गेलो. मला का नेलं? फाउंड्रीची मोठी खरेदी माझ्या सहीनं व्हायची, आणि मालकांच्या मते मी नाही म्हणण्यात पटाईत होते. चाचांनी बाकावर दोन क्लच प्लेटा मांडल्या. एक मूळ जातीचीच, सबंध गोल अस्तराची, बरोबर तिला जरा जास्त जोरानं दाबून धरणारं कव्हर. दुसरी शर्यतीची, सिरॅमिकच्या चकत्या लावलेली. मालकांनी पाना काढला, दुसरीला टोला दिला.

“खणखणीत. हीच बसवा.”

“मालक, क्लच वाजवून घेत नाहीत,” मी म्हणाले.

“मग कसा घेत्यात?”

“वापर बघून. गाडी चालवता कुठं?”

“रोडवर.”

“कुठल्या रोडवर?”

“घर ते शिरोली. रविवारी घाटात.”

“मधे दसरा चौक, कावळा नाका. तिथं गाडी इंचाइंचानं पुढं सरकवावी लागते. ही प्लेट एक तर धरते, नाहीतर सोडते. मधलं काही नाही.”

“म्हंजे माझ्यासारखी.”

“व्हय की,” चाचा हात पुसत म्हणाले. “म्हणूनच म्हंतो, एका गाडीत दोघं नकोत.”

मालक हसले. मी ती संधी साधून पेडलाचं काढलं. शर्यतीच्या क्लचला दाब फार, म्हणजे पेडल जड. सिग्नलला दर वेळी डाव्या पायानं ते दाबून धरायचं. “तुमचा डावा गुडघा काय म्हणतोय?” मी विचारलं.

“चप्पल घसरतीया फक्त.”

“मग चपलेसाठी तरी हलकं पेडल घ्या.”

पाना खिशात गेला. गोल अस्तराचा क्लच ठरला. अर्धं काम झालं असं मला वाटलं. तेवढ्यात चाचा म्हणाले, “आता उघडतोयच तर फ्लायव्हील पण बदला. मूळचं जड हाय. हलकं बसवलं की इंजिन झटक्यात चढतं. पण लई हलकं नको, सिग्नलला बंद पडायला लागंल. मधलं घ्या, घडीव स्टीलचं. बाहेरनं मागवू.”

‘बाहेरनं’ हा शब्द ऐकून मालकांचा चेहरा भट्टीसारखा झाला. “माझ्याकडनं ट्रक भरून फ्लायव्हील जात्यात आन् माझ्या गाडीला बाहेरचं? लोकं तोंडात शेण घालतील.”

मी समजावून पाहिलं. ट्रॅक्टरचं इंजिन म्हशीसारखं चालतं, त्याचं फ्लायव्हील संथ फिरतं. ही गाडी त्याच्या तिपटीनं गरगरते. त्या वेगात साधं बिडाचं, हलकं व्हावं म्हणून पातळ केलेलं चाक फुटलं तर बॉम्बसारखं फुटतं. तुकडे पत्रा फाडून आत येतात, आणि फ्लायव्हील असतं ते नेमकं चालवणाऱ्याच्या पायांपुढं.

“मला शिकवू नको. साधं बीड कोण ओततंय? एसजी ओततो.”

यात तथ्य होतं. एसजी म्हणजे वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट लोखंड. साधं बीड बिस्किटासारखं तुटतं, एसजी मार खाऊन वाकतं. अट एकच. मॅग्नेशियम घातलं की ताबडतोब ओतायचं. रस थांबला की मॅग्नेशियम उडून जातं आणि चिवट लोखंडाचं पुन्हा बिस्कीट होतं. वरून बघून फरक कळत नाही. आवाजात कळतो.

नीट ओतलं तर चालण्यासारखं होतं, म्हणून मी वाद तोडला. एवढंच म्हणाले, “बरोबर एक टेस्ट पीस ओता. तो तोडून बघू.”

“एका नगाला कसला टेस्ट पीस? मी वाजवतो की.”

ओतायच्या दिवशी मी वारणानगरला एका गिऱ्हाइकाच्या तपासणीला गेले होते. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पाऊल टाकलं तर सगळे हसत होते. आमच्याकडं नव्या साच्याचा पहिला रस ओतताना नारळ फोडायची पद्धत. रस तयार झाल्यावर मालकांना नारळाची आठवण झाली. माणूस पळाला, नारळ आणले. मालकांनी पहिला वाजवला. “बद.” दुसरा, “बद.” तिसराही बदच. पुन्हा माणूस पळाला. शेवटी कुठला तरी एक पसंत पडला. बाद झालेले नारळ कामगारांनी दुपारी फोडले, तर सगळे चांगले निघाले. खोबरं वाटून खाल्लं. एक तुकडा माझ्यासाठीही ठेवला होता. मी तो खाल्ला आणि हसलेही.

पुढं त्या चाकाचं लेथवर काम झालं, बॅलन्सिंग झालं. दिसायला सुरेख होतं. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला नेऊन दाखवायचे. आणि एक नवल घडलं. मालकीणबाई गाडीत बसायला तयार झाल्या. नवीन फ्लायव्हील बसलं की पहिल्या रविवारी दोघांनी गगनबावड्याच्या घाटात जायचं. “हे स्वतः ओतलेलं हाय म्हंतात, आता तरी बघावं,” त्या मला फोनवर म्हणाल्या. “उठवायचं तिथलं तिथं बघू.”

शनिवारी सकाळी चाचा चाक न्यायला आले. गाडी त्यांच्याकडं उघडून ठेवलेली होती, संध्याकाळपर्यंत बसवून देणार होते. मालकांनी फ्लायव्हील चेन पुलीच्या हुकाला दोरीनं टांगलं. सगळ्यांना गोळा केलं. भट्टीचे मेस्त्री, लेथवाले, मी. पाना काढला. मान वाकडी, डोळे मिटलेले. टोला दिला.

मी त्या आवाजाच्या लांबण्याची वाट बघत राहिले. तो लांबलाच नाही. ठप् झाला आणि तिथंच मेला.

“खणखणीत!” मालक म्हणाले.

मी मेस्त्रींकडं पाहिलं. मेस्त्री जमिनीकडं बघत होते. आणि मला एकदम ते नारळ आठवले. चांगले नारळ, एकामागून एक बद ठरलेले. त्यांना नारळ ऐकू आले नव्हते. हे चाकही ऐकू आलं नव्हतं. पान्याचा टोला हाताला कळत होता, आणि बाकीचं ते सवयीनं सांगत होते. फाउंड्रीत सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळं कुणाचे कान गेलेत हे कळायला फार उशीर लागतो.

“मेस्त्री,” मी विचारलं, “नारळ येईपर्यंत लॅडल कुठं होती?”

लॅडल म्हणजे वितळलेल्या रसाची बादली. मेस्त्रींनी चपलेनं वाळू उकरली. “भरून थांबलेली, अक्का.”

“मॅग्नेशियम घातलेलं?”

“घातलेलं. मी हाक मारली हुती की. दोनदा. मालकांचं ध्यान नारळात.”

ध्यान नव्हतं की कान नव्हते, ते आता स्पष्टच होतं. चाचा चाकाला हात घालून दोरी सोडवायला लागले होते. मी त्यांचा हात धरला. उद्या सकाळी ते चाक दोन माणसांच्या पायांपुढं गरगरणार होतं, त्यातली एक बाई आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत बसणार होती, आणि तिनं डब्यात काय न्यायचं तेही ठरवलं होतं. हळूहळू, मालकांचं मन राखून सांगायला वेळ नव्हता. शिवाय मला ते जमतही नाही.

“मालक,” मी म्हणाले, “तुम्हाला ऐकू येत नाही.”



मालकांनी माझ्याकडं वळून विचारलं, “काय?”

कुणीतरी मागं फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. मी जवळ गेले आणि कानाशी ओरडले, “चाक बद आहे! बद!”

त्यांचा चेहरा बदलत गेला. आधी राग आला. “तुला वाजवायला मी शिकवलं, अक्का.”

“म्हणूनच सांगते.”

“मी एवढी वर्षं...”

“एवढी वर्षं भट्टीपुढं उभे होतात. कान जाणारच. नारळ चांगले होते, मालक. मी स्वतः खोबरं खाल्लंय.”

हे त्यांना लागलं. चाकाचं मानलं नसतं कदाचित, पण खोबऱ्याचं मानावं लागलं. त्यांनी मेस्त्रींकडं पाहिलं. मेस्त्रींनी मान हलवली. चाचांकडं पाहिलं. चाचा म्हणाले, “मला आवाजातलं कळत न्हाय, मालक. पण अक्का म्हंतीया तर मी बसवणार न्हाय. गाडी माझ्या गॅरेजातनं जाणार हाय.”

“घण आणा,” मालक म्हणाले.

चाक खाली ठोकळ्यावर ठेवलं. मेस्त्री पुढं झाले तर त्यांना बाजूला सारून मालकांनी स्वतः घण उचलला. एसजी चांगलं असतं तर त्या घावानं चाकाला पोचा पडला असता, घण उलटा उसळला असता. मी मनातल्या मनात तेच व्हावं असंही म्हणत होते. चूक माझी निघाली असती तर बरंच झालं असतं. पहिल्याच घावाला चाक फुटलं. एक मोठा तुकडा घरंगळत शेडच्या भिंतीपर्यंत गेला. तुटलेली कड काळपट होती, पेन्सिलीच्या शिशासारखी. साधं बीड.

मालकांनी एक तुकडा उचलला. कड बोटानं चाचपली. मग मान खाली घालून स्वतःच्या पायांकडं पाहिलं, पांढऱ्या पँटीखालच्या दोन बुटांकडं, बराच वेळ. आणि मग ते वाळूच्या पोत्यावर बसले. फाउंड्रीत बसलेले मालक आम्ही पहिल्यांदा बघत होतो. काय करावं कुणालाच कळेना. शेवटी लेथवाला जाऊन चहा घेऊन आला.

मी तर शेजारच्या पोत्यावर केव्हाच बसले होते. मला इतकं हलकं वाटत होतं की मी दोन कप चहा प्यायले. मी एरवी चहा पीत नाही.

“घरी काय सांगू?” मालकांनी विचारलं. “उद्या ती बसणार हुती.”

“सांगा, क्लच आला नाही.”

“खोटं?”

“मग सांगा, चाक फुटलं.”

त्यांनी विचार केला. “क्लच आला न्हाय,” ते म्हणाले.

पण घरी गेल्यावर खरंच सांगितलं असावं. कारण संध्याकाळी मालकीणबाईंचा मला फोन आला. हॅलो नाही, काही नाही. “अक्का, ह्यांच्या टीव्हीचा आवाज पार गल्लीत जातोय, हे मी दोन वर्षं सांगतीया. तुझं ऐकलं ह्यांनी?”

“माझं नाही, खोबऱ्याचं,” मी म्हणाले.

पलीकडून हसण्याचा आवाज आला आणि मग काही क्षण नुसतं नाक ओढल्याचा. “उद्याचा डबा तुझ्याकडं पाठवते,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चाचांनी घडीव स्टीलचं फ्लायव्हील मागवलं. मधल्या वजनाचं. त्याच्याबरोबर ते किती वेगापर्यंत फिरवून तपासलंय याचा कागद होता. तो मी दोनदा वाचला, मालकांनी वाचला नाही. त्यांनी पेटी उघडली, पाना काढला, चाक बोटावर तोलून टोला दिला. डोळे मिटले नाहीत. माझ्याकडं पाहिलं.

आवाज किती तरी वेळ शेडमध्ये राहिला.

“खणखणीत,” मी म्हणाले.

“बसवा,” ते चाचांना म्हणाले.

पुढच्या रविवारी दोघं गगनबावड्याला गेली. घाटात गाडी छान चढली, क्लच कुठं घसरला नाही, सिग्नलला बंद पडली नाही, गुडघ्याची काही तक्रार नव्हती. परतल्यावर मालकीणबाईंना गाडीतून उठवायला शेजारच्या दोन बायका आल्या. त्यांना त्या म्हणाल्या, “थांबा जरा, बसू दे,” आणि दारात उभ्या गाडीत आणखी थोडा वेळ बसल्या.

भट्टीवरचे दोन नियम मात्र त्या दिवसानंतर बदलले. नारळ आता भट्टी पेटवायच्या आधी फुटतो, रस तयार झाल्यावर नाही. आणि टेस्ट पीस एका नगालाही ओतला जातो. मालकांनी कानाचं मशीनसुद्धा घेतलं, पण ते गाडीच्या कप्प्यात ठेवलं. उघड्या गाडीत त्यातून नुसता वारा ऐकू येतो म्हणाले. खुर्चीवरच्या फायली हलवल्या गेल्या. तिच्यावर ते बसतात, पण कुणी आत आलं की उठतात.

मी ती नोकरी सोडून आता काही वर्षं झाली. उचगावात माझं स्वतःचं तपासणीचं लहानसं काम आहे. मालकांना ते आवडलं नव्हतं. निरोपाच्या दिवशी लोकांनी भाषणं केली, त्यांनी नुसतं साकू म्हटलं आणि दहा-अकराचा एक नवा पाना माझ्या हातात ठेवला. विकत घेतलेला होता. मी बघत राहिले, तर म्हणाले, “पाना ओतत न्हाईत अक्का, घडवत्यात. एवढं तरी शिकलो.”

गेल्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाबरोबर बोलत असताना फोन वाजला. मालक. मी उचलला. पलीकडं बाजाराचा गोंगाट, आणि त्यात एक वैतागलेला आवाज, “ओ पावणं, माठ घ्यायचा तर घ्या की! मघाधरनं कुणाला फोन लावताय?”

“आमच्या क्वालिटीला,” मालक त्याला म्हणाले. मग मला, मोठ्यानं, “अक्का, ऐक.”

टक्.

फोनवर सगळंच निम्मं ऐकू येतं. पण एवढं कळलं.

“बद आहे,” मी ओरडून सांगितलं. “दुसरा वाजवा.”

“ह्यो बद हाय, पावणं. ठेव तिकडं.” पुन्हा गोंगाट, पुन्हा टोला.

दुसरा चांगला होता. तसं सांगितलं आणि मी माझ्या गिऱ्हाइकाकडं वळले.